खिडक्या करणाऱ्या भाऊंनी बनवलेली अँटेना, आणि चंद्रावरून आलेली तिची मार्कलिस्ट (इंदूर)

रिव्ह्यू एका अॅल्युमिनिअम फॅब्रिकेशनच्या दुकानाचा आहे. सियागंजकडून आत गेलं की स्लायडिंग खिडक्या, पार्टिशन, मच्छर जाळीचे दरवाजे करणारी जी पाच-सहा दुकानं आहेत त्यातलं एक. नाव लिहीत नाही कारण भाऊंनीच सांगितलंय की नेटवर नाव टाकू नका, आधीच दिवाळीपासूनच्या ऑर्डरी पडून आहेत. पण काम असं केलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि या कामाची परीक्षा मी ज्या पद्धतीने घेतली ती पण सांगायचीच आहे, म्हणून जरा लांबेल.

आधी मला काय हवं होतं ते. मी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौस म्हणून स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवणारा, लायसन्स घेऊन बरीच वर्षं झाली. गेली दोन वर्षं डोक्यात एकच, मूनबाउन्स. म्हणजे पृथ्वीवरून कोणीतरी रेडिओ सिग्नल चंद्राकडे सोडतो, तो चंद्राच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो आणि दुसरीकडे कोणीतरी तो पकडतो. सोडायला मोठी पॉवर आणि चार-आठ अँटेनांचं झुंबर लागतं, ते माझ्याकडे नाही. पण युरोपात, जपानमध्ये ज्यांच्याकडे आहे त्यांचे सिग्नल चंद्रावरून उतरताना आपल्या इंदूरवरही पडतातच ना, ते एका चांगल्या अँटेनावर पकडता येतात. आणि नुसते पकडायचे नाहीत, किती डीबीने आले (डीबी म्हणजे सिग्नलच्या ताकदीतला फरक मोजायचं माप, दहा डीबी म्हणजे दहापट) ते मोजून लिहून ठेवायचं. मला या मोजण्याचंच वेड आहे.

चांगली अँटेना म्हणजे किती चांगली? १४४ मेगाहर्ट्झवर इथून चंद्र आणि परत एवढ्या प्रवासात सिग्नल साधारण २५२ डीबीने पडतो. एकावर २५ शून्यं लिहा, तेवढ्या भागातला एक भाग. जवळपास पावणेचार-चार लाख किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, त्यात चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद, म्हणजे सोडलेल्यातला बहुतेक सिग्नल बाजूने निघून जातो, आणि जो आपटतो त्यातलाही सुमारे सात टक्केच परत फिरतो, बाकी चंद्र पिऊन टाकतो. एवढ्या उरलेल्या चिमूटभरात अँटेनाने एक डीबी जरी सांडला तरी तो कळतो.

डिझाइन नेटवर मिळालं, नऊ एलिमेंटची, म्हणजे नऊ आडव्या नळ्यांची यागी (गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेनासारखी), त्या धरणारा मधला दांडा म्हणजे बूम पाच मीटरचा, गेन, म्हणजे सगळीकडे सारखं ऐकणाऱ्या अँटेनापेक्षा समोरच्या दिशेला किती जास्त ते, सुमारे १४ डीबीआय. तयार घ्यायची तर बाहेरून मागवावी लागते आणि पाच मीटरच्या डब्याचं भाडंच अँटेनापेक्षा जास्त. मग वाटलं, हे शेवटी अॅल्युमिनिअमचे पाइपच आहेत, इंदूरमध्ये अॅल्युमिनिअम कापणारे काय कमी आहेत. चार दुकानं फिरलो. तीन ठिकाणी कागद बघूनच "हे आमचं काम नाही" म्हणाले. एकाने तर मिलिमीटर बघून कागद परत दिला, म्हणे इंच-सुतात लिहून आणा.

हा सुताचा मुद्दा नीट समजून घ्या, कोणी असं काम करून घेणार असाल तर सगळं इथेच अडतं. आपले कारागीर इंच आणि सूत यात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत जवळपास सव्वातीन मिलिमीटर. खिडकीत एक सूत इकडेतिकडे झालं तर रबर पट्टी लावून भागतं. माझ्या अँटेनाचा एकेक एलिमेंट ९० ते १०० सेंटिमीटरचा, ते सगळेच एक सूत चुकले तर अँटेना जवळपास अर्धा मेगाहर्ट्झ सरकते. साध्या गप्पांना चालेल, चंद्रासाठी नाही.

चौथं दुकान भाऊंचं. वय साठीच्या आसपास, मराठी घर, रामबागेत तिसरी पिढी, कागद हातात घेतल्यावर पहिला प्रश्न काय विचारला असेल, "यात चूक किती चालेल?" मी म्हटलं अर्धा मिलिमीटर. भाऊ म्हणाले, "मग टेपने नाही होणार, स्टीलची पट्टी काढावी लागेल." आणि ड्रॉवरमधून फडक्यात गुंडाळलेली एक मीटरची स्टीलची पट्टी काढली. त्याच क्षणी मी अॅडव्हान्स दिला. मजुरी धरून सगळे मिळून ४,८०० रुपये लागले, यात २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, १० मिलिमीटरच्या नळ्या, नायलॉनचे ठोकळे, नट-बोल्ट सगळं आलं.

काम करताना दोनदा जाऊन बसलो. अॅल्युमिनिअमची लांबी बारा फुटी येते, पाच मीटरला पुरत नाही, म्हणजे बूमला जोड आलाच. भाऊंनी बाहेरून पट्टी नाही मारली, आतून बरोब्बर बसेल असा २२चा चौकोनी पाइप दीड फूट घातला आणि दोन्ही बाजूंनी बोल्ट. जोडावरून नख फिरवलं तर अडकत नाही. नळ्या कटरवर मुद्दाम एक मिलिमीटर जास्त कापल्या आणि मग भाऊंचा मुलगा एकेक नळी शिकंज्यात धरून कानस मारत पट्टीवर ठेवून बघायचा, परत दोन हात कानस, परत पट्टी. कापलेल्या तोंडाला जी धार राहते ती पण आतून-बाहेरून काढली, अंगठा फिरवून बघितला. नऊ नळ्या, अठरा तोंडं, आणि प्रत्येकाला तेवढाच वेळ. घरी येऊन व्हर्नियर आणि पट्टीने मोजल्या, सगळ्यात मोठी चूक ०.४ मिलिमीटर. मी दिलेल्या मर्यादेच्या आत.

एक चूक झाली होती, तीही सांगतो. चौथ्या डायरेक्टरचं (पुढच्या बाजूच्या नळ्यांना डायरेक्टर म्हणतात) भोक बूमवर तीन मिलिमीटर पुढे पडलं. मला कळलंही नसतं कारण मी त्या दिवशी नव्हतो. भाऊंचाच फोन आला, "एक भोक चुकलंय, बूमचा तो तुकडा नवीन घेतोय, दोन दिवस जास्त लागतील." जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी. वेळ. सांगितले होते दहा दिवस, लागले एकोणीस. लग्नाच्या सीझनमध्ये हॉलवाल्यांची पार्टिशन आधी गेली, समजू शकतो, पण फोन केल्यावर "परवा" हे उत्तर चार वेळा मिळालं. दुसरं, मास्टला (अँटेना ज्यावर चढवतात त्या खांबाला) धरणारा क्लॅम्प साध्या लोखंडाचा दिला, मी स्टेनलेस म्हणालो होतो. एका पावसात गंज चढला. सांगितल्यावर बदलून दिला पण पहिल्यांदाच द्यायला हवा होता. तिसरं, नळ्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या टोप्या नाहीत, वारा सुटला की शिट्टी वाजते आणि मुंग्या घर करतात, त्या मी जेल रोडवरून आणून लावल्या.

घरी जोडल्यावर नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावलं. १४४.१ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप, १ म्हणजे अगदी आदर्श) १.१५, आणि तोही पहिल्याच झटक्यात. ज्यांनी घरी यागी बनवलीय त्यांना माहितीय की पहिल्यांदा असं येत नाही, कापाकापी, सरकवासरकव करत दोन रविवार जातात. वजन पण तीन किलोच्या आसपास, एकट्याने उचलता येतं.

पण एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगली असं नसतं, बरं का. नुसत्या ५० ओहमच्या रेझिस्टरचा पण एसडब्ल्यूआर चांगला येतो आणि तो काहीच ऐकत नाही. खरी परीक्षा सिग्नलवरच.

अँटेनाच्या मागे काय जोडलं ते पण थोडक्यात, कारण इथे मी पैसे घालवलेत. पहिली केबल एका दुकानातून घेतली ती वरून जाडजूड आणि आत जाळी विरळ, १५ मीटरमध्ये निम्मा सिग्नल गायब. ती टाकून दिली. शिकलो ते असं की प्रीअॅम्प्लिफायर (आलेला बारीक सिग्नल आधी मोठा करणारा डबा) वर मास्टवरच, अँटेनाला चिकटून लावायचा, म्हणजे खालची केबल जरा हलकी असली तरी नुकसान होत नाही, आणि प्रीअॅम्प्लिफायरच्या आधी फिल्टर हवाच नाहीतर शहरातले एफएमचे टॉवर त्याला बहिरा करतात. त्याची ०.५ डीबी नॉइज फिगर (तो स्वतःचा गोंगाट किती घालतो ते) १४४ला पुरेशी आहे, त्याखाली जाण्यासाठी जास्त पैसे देऊ नका, कारण या बँडवर आकाशच एवढा गोंगाट करतं की पुढचा फरक त्यात बुडून जातो. खाली आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर, जे फुकट आहे आणि ज्याची सुरुवात करणारे जो टेलर हे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले (१९९३) रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी हॅम लोकांसाठी जेटी६५ नावाचा मोड (मेसेज पाठवायची पद्धत) बनवला, नंतर २०२१ मध्ये क्यू६५ आला. एक मिनिटाचा पाळीपाळीचा खेळ, जेटी६५मध्ये सुमारे ४७ सेकंद सिग्नल चालतो, कानाला काही ऐकू येत नाही, पण सॉफ्टवेअर गोंगाटाच्या २५-२६ डीबी खाली दबलेला मेसेज उकरून काढतं आणि समोर आकडा लिहितं, उणे २४, उणे २२ असा. हा आकडा म्हणजे भाऊंच्या कामाचे मार्क.

लोकमान्य नगरच्या गच्चीवरून पहिले चार दिवस काहीच नाही. एलईडी दिवे, सोलरचे इन्व्हर्टर, शेजारचा चार्जर, सगळ्यांचा आवाज मिळून आकाशापेक्षा सहा डीबी वर. पाचव्या रात्री चंद्र जवळपास डोक्यावर होता. आपण कर्कवृत्ताच्या अगदी खाली आहोत त्यामुळे चंद्र उत्तरेला असला की इंदूरमध्ये थेट माथ्यावर येतो, युरोपातल्या लोकांना हे कधी मिळत नाही. अँटेना सरळ वर केली की शहराचा गोंगाट तिच्या कुशीला जातो, तोंडात नाही. रात्री पावणेदोनला पहिली ओळ आली. उणे २६. स्टेशन इटलीतलं. आणि त्या ओळीत डीटी नावाचा एक कॉलम असतो, सिग्नल घड्याळापेक्षा किती उशिरा आला ते सांगतो, त्यात लिहिलं होतं २.५. जमिनीवरून आलेला असता तर शून्याच्या आसपास असता. अडीच सेकंद म्हणजे जाऊन-येऊन चंद्र. मी खाली जाऊन घरच्यांना उठवलं.

अँटेना घेताना लोक विचारतात, किती नेमकी धरावी लागते? हिचा बीम चाळीस अंशांच्या थोडा आतला आहे आणि चंद्र तासाला साधारण पंधरा अंश सरकतो, म्हणजे हाताने पंधरा-वीस मिनिटांनी हलवली तरी चालतं, मोटर लागत नाही. भाऊंनी मागच्या बाजूला एक कोनमापक आणि ओळंबा लावून दिलाय, मागितला नव्हता, त्यांनाच सुचलं. उंचीचा कोन त्यावर वाचायचा.

मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. एका आकड्यावर निकाल देऊ नका. १४४ला सिग्नल आयनोस्फिअरमधून जाताना त्याचं ध्रुवण फिरतं, आडवा सोडलेला उभा होऊन येतो आणि आडव्या अँटेनाला दिसतच नाही, अर्धा तास गायब, मग आपोआप परत. त्यात चंद्र जवळ की लांब यानेच दोन डीबीपेक्षा जास्त फरक पडतो. रात्रभर लिहीत राहायचं आणि मग बघायचं. आणि हो, भिंतीवरचं कालनिर्णय कामाला येतं, खरंच सांगतो. आपल्या आकाशगंगेचं केंद्र मूळ नक्षत्राच्या बाजूला आहे, तिथून रेडिओचा प्रचंड गोंगाट येतो, त्यामुळे चंद्र मूळ नक्षत्रात असला की अँटेना बाहेर काढू नका. पुनर्वसू, पुष्य असलं की आकाश शांत, चंद्र उत्तरेला, आणि युरोपवाल्यांनाही उंच दिसतो. पंचांग बघून मी माझ्या रात्री ठरवतो.

त्या हिशोबाने पौष पौर्णिमेच्या आदली रात्र धरली आणि अँटेना सांवेरच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर नेली. कारण दोन. एक तर तिथे गोंगाट नाही. दुसरं, पश्चिमेला क्षितिजापर्यंत सपाट गव्हाचं शेत. इंदूरला चंद्र मावळत असताना तो युरोपात चांगला वर असतो, आणि चंद्र खाली आला की सिग्नल दोन वाटांनी येतो, एक सरळ आणि एक जमिनीवर आपटून. दोन्ही जुळले तर फुकटात सहा डीबीपर्यंत मिळतात, म्हणजे एका अँटेनाच्या चार झाल्यासारखं. १९४६ साली १० जानेवारीला अमेरिकन सैन्याच्या जॉन डिविट यांच्या टीमने न्यू जर्सीहून १११.५ मेगाहर्ट्झवर पहिल्यांदा चंद्राचा प्रतिध्वनी पकडला तेव्हा त्यांची अँटेना वर उचलताच येत नव्हती, नुसती आडवी फिरायची, म्हणून उगवता नाहीतर मावळता चंद्रच धरावा लागायचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत हंगेरीत झोल्तान बाय यांनी तर कॉम्प्युटर नसताना, हायड्रोजनचे बुडबुडे नळ्यांमध्ये साठवत साठवत तो सिग्नल गोंगाटातून वेगळा केला. आज आपला लॅपटॉप जे करतो, थोडं थोडं जमवून मोठं करायचं, तेच त्यांनी पाण्याच्या नळ्यांनी केलं. मला हे आठवलं की फार बरं वाटतं.

भाऊंना सहज म्हटलं होतं येता का, तर रात्री तीनला मफलर गुंडाळून मुलाच्या बाइकवर हजर. थंडी अशी की लॅपटॉपची बटणं दाबवत नव्हती. अँटेना जमिनीपासून चार मीटरवर. चंद्र चाळीस अंशांवर असताना उणे २५, उणे २६, मधूनच काही नाही. मग खाली येत येत पंधरा अंशांवर आला आणि सगळंच बंद, एक ओळ नाही. भाऊंना वाटलं कुठे जोड सुटला, टॉर्च घेऊन उठलेच ते. मी सांगितलं, चार मीटर उंचीला पंधरा अंशांवर सरळ आलेला आणि जमिनीवरून आलेला सिग्नल एकमेकांना खाऊन टाकतात, थांबा, साडेसात अंशांवर बघा. ते ओळंब्याशी जाऊन उभे राहिले, आणि कोन वाचून दाखवायला लागले, बारा, अकरा, साडेनऊ. साडेनऊला ओळ आली, उणे २३. मग उणे २१. साडेसातला उणे २०, आणि स्क्रीनवर, जिथे एरवी नुसता धूर दिसतो, तिथे एक बारीक सरळ रेघ उभी राहिली, डोळ्याला दिसेल अशी. पुढच्या वीस मिनिटांत इटली, जर्मनी, स्वीडन मिळून सात स्टेशनं.

भाऊ बराच वेळ त्या २.५ कडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे हे आत्ता तिथे टेकून आलं? आपल्या पाइपात?" मग मागे वळून मावळत्या चंद्राकडे बघितलं, मग परत स्क्रीनकडे. मुलाला म्हणाले, "चुकलेल्या भोकाचा तो तुकडा बदलला ते बरं झालं."

हिशोबाने या अँटेनाला जेवढं यायला हवं होतं त्याच्या एक डीबीच्या आत आकडे आलेत, तीन वेगवेगळ्या रात्री. सुट्या अॅल्युमिनिअमच्या नळ्यांतून, खिडक्यांच्या कटरवर, यापेक्षा जास्त काही मागता येत नाही.

तर साडेचार स्टार. अर्धा त्या चार "परवा"साठी आणि लोखंडी क्लॅम्पसाठी कापला. काम द्यायचं असेल तर कागदावर सगळं मिलिमीटरमध्येच, मोठ्या अक्षरात लिहून न्या, सूत शब्द तोंडात येऊ देऊ नका, किती चूक चालेल ते आधीच सांगा, क्लॅम्प स्टेनलेस हवा हे दोनदा सांगा, आणि वैशाखात जाऊ नका. सकाळी अकराच्या आधी दुकान उघडत नाही.

मी तशीच दुसरी अँटेना सांगून आलोय. दोन एकावर एक लावल्या की आणखी तीन डीबी. या वेळी भाऊंनी तारीख दिली नाही, उलट विचारलं, "पुष्य नक्षत्र कधी आहे, त्याच्या आधी देतो."